निकाल संध्याकाळी, शंका बुधवारी

ड्रॅग शर्यतींविषयीची, म्हणजे सरळ पट्टीवर दोन-दोन गाड्या जोडीने पळवण्याच्या शर्यतींविषयीची, पत्रे या सदराकडे तशी कमीच येतात, आणि आली तरी ती टायरमधल्या हवेबद्दल किंवा क्लचबद्दल असतात. गेल्या दोन महिन्यांत मात्र पाच पत्रे एकाच विषयावर आली. प्रतिस्पर्ध्याविरुद्धची तक्रार त्याच दिवशी आणि ठरावीक मुदतीत केली नाही, तर ती ऐकूनच घेतली जात नाही. हा नियम हौशी स्पर्धकांना न्याय देणारा आहे का, असे या सर्वांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारले आहे. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्याच प्रश्नाला दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखक, स्पर्धा आणि क्लब यांची नावे मुद्दाम गाळली आहेत.

प्रश्न : मी मूळचा ठाण्याचा असून अकरा वर्षांपासून न्यू जर्सीत राहतो. सुट्टीच्या दिवशी जवळच्या एका छोट्या ड्रॅग स्ट्रिपवर माझी जुनी मस्टँग घेऊन हौशी शर्यतींत उतरतो. आमच्या वर्गात दोन्ही गाड्या एकाच वेळी सुटतात आणि इंजिनाची ताकद क्षणभर वाढवणाऱ्या नायट्रस वायूला पूर्ण बंदी आहे. एका शनिवारी मी उपांत्य फेरीत हरलो. पुढच्या बुधवारी, ज्याने मला हरवले त्यानेच समाजमाध्यमावर टाकलेल्या चित्रफितीत त्याच्या डिकीतली नायट्रसची बाटली आणि तिच्यापासून पुढे गेलेली नळी स्पष्ट दिसली. मी व्यवस्थापनाला लिहिले, तेव्हा उत्तर आले की तक्रार त्याच दिवशी, लेखी, शुल्कासह आणि बक्षिसाची रक्कम वाटण्यापूर्वी करायची असते, आता काही करता येणार नाही. लबाडी मला बुधवारी कळली, तर तिच्याबद्दलची तक्रार मी शनिवारी कशी करणार होतो?

उत्तर : आपल्या शेवटच्या वाक्याला माझ्याकडे सरळ उत्तर नाही, आणि ते आहे असा आव आणणेही बरे नाही. तरीही आपल्या स्ट्रिपने जे केले त्यातला अर्धा भाग मला योग्य वाटतो आणि अर्धा चुकीचा. ते दोन अर्धे वेगळे करण्यासाठी हा नियम मुळात कशासाठी आहे, ते पाहावे लागेल.

ड्रॅग शर्यत ही बाद पद्धतीने खेळली जाते. समजा आपल्या वर्गात ३२ गाड्या होत्या. म्हणजे पाच फेऱ्या झाल्या आणि आपला प्रतिस्पर्धी आपल्यासमोर येईपर्यंत त्याने आणखी तिघांना घरी पाठवले होते. बुधवारी त्याला बाद ठरवायचे म्हटले, तर अंतिम फेरीतली ती जागा आपली, की तिसऱ्या फेरीत हरलेल्या गृहस्थांची, की पहिल्याच फेरीत हरून पुन्हा गाडी सुरूही न केलेल्या एखाद्या तरुणाची? साखळी सामन्यांत दोषी संघाचे गुण वजा करून तक्ता नव्याने मांडता येतो. बाद पद्धतीत पुसलेल्या नावाच्या खाली जी फांदी असते ती सगळीच लटकते. म्हणून खरे तर या खेळात तक्रारीची योग्य वेळ ‘त्याच दिवशी’ ही नसून ‘पुढची फेरी सुटण्यापूर्वी’ ही आहे, आणि बारकाईने लिहिलेल्या नियमावल्या तेच सांगतात. संध्याकाळपर्यंतची मुदत ही त्या मानाने सवलतच म्हणायची.

दुसरे कारण पुराव्याचे आहे आणि माझ्या मते तेच निर्णायक आहे. ड्रॅगमधल्या बहुतेक लबाड्या संध्याकाळ संपेपर्यंत विरून जाणाऱ्या असतात. नायट्रसची बाटली पाना हातात असलेला माणूस काही मिनिटांत उतरवतो. टाकीतले इंधन काढून दुसरे भरता येते. म्हणून तर अमेरिकेतल्या वर्गवार शर्यतींत धाव संपल्याबरोबर नमुना घेऊन त्याचा विद्युत-गुणांक (इंधनात काही मिसळले असल्यास बदलणारा आकडा) यंत्रावर मोजतात. किमान वजनाची अट असेल तर चालकासह गाडी परतीच्या वाटेवरच काट्यावर चढवावी लागते, कारण पॅडकमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करण्याच्या आवारात, पोहोचल्यावर शिशाचे वजन आत ठेवायला किंवा बाहेर काढायला कितीसा वेळ लागतो! एकदा ट्रेलर फाटकाबाहेर गेला की त्यावरची गाडी ही शर्यतीतली गाडी राहत नाही. ती कोणाच्या तरी गॅरेजमधली गाडी होते, आणि तिच्या तपासणीतून काहीही सिद्ध होत नाही. यात निर्दोष माणसाचेही संरक्षण आहे. रविवारी आपण इंजिन उघडले, मंगळवारी नवीन भाग बसवले, आणि बुधवारी कोणी म्हणाले की शनिवारी या गाडीत बेकायदा कॅमशाफ्ट होता, तर आपण ते खोडून कसे काढणार?

पैशाची बाजूही विसरू नये. हौशी शर्यतींतली बक्षिसे बहुधा त्याच रात्री पाकिटात घालून दिली जातात आणि त्यातून लोक घरी जाताना पेट्रोल भरतात. वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये एनएचआरए (नॅशनल हॉट रॉड असोसिएशन) ही अमेरिकी संघटना उभी केली, तेव्हा रस्त्यावर शर्यत लावणाऱ्या पोरांना सुरक्षित पट्टीवर आणणे हा तिच्यामागचा मोठा हेतू होता. आजही आपल्यासारख्या छोट्या स्ट्रिप त्याच वळणावर चालतात. त्यांच्याकडे कायमस्वरूपी चौकशी समिती नसते, आणि शनिवारी तिकीट फाडणारी व्यक्ती सोमवारी आपल्या नोकरीवर गेलेली असते.

एवढे सगळे मान्य केल्यावर उरते ते असे. मुदतीची बंधने कायद्यालाही परकी नाहीत, पण कायद्याने त्यांना एक खिडकी ठेवलेली आहे. भारताच्या १९६३ च्या मुदत कायद्याच्या १७ व्या कलमानुसार, फसवणुकीमुळे एखादी गोष्ट लपवली गेली असेल तर मुदत ती उघडकीस आल्यापासून, किंवा पुरेशी काळजी घेतली असती तर उघडकीस येऊ शकली असती तेव्हापासून मोजतात. शर्यतीच्या नियमात हे कलम जसेच्या तसे आणता येणार नाही, कारण न्यायालय पैसे परत करण्याचा हुकूम देऊ शकते, पण हरलेली फेरी कोणीच परत धावू शकत नाही. मात्र त्यातला विवेक आणता येतो. जो पुरावा रात्री ट्रेलरवर चढून निघून जातो त्याबद्दलची तक्रार रात्रीपूर्वीच झाली पाहिजे. पण जो पुरावा कागदावर, वेळेच्या नोंदीत किंवा चित्रफितीत मागे राहतो, त्याबद्दलचे दार त्याच रात्री बंद करण्याचे कारण मला दिसत नाही.

म्हणजे आपल्या प्रकरणात काय करायला हवे होते? शनिवारचा निकाल तसाच ठेवणे योग्यच होते, हे ऐकायला आपल्याला कडू लागेल. आपण अंतिम फेरीत गेला असता, पण ती जिंकली असती असे आपणही म्हणणार नाही. ‘आता काही करता येणार नाही’ हे वाक्य मात्र खोटे आहे. निकाल ही एक गोष्ट आणि स्पर्धकाचे वर्तन ही दुसरी. निकालाला मुदत असावी. वर्तनाच्या चौकशीला एका रात्रीची मुदत घालणे म्हणजे लबाडी सूर्यास्तापर्यंत लपवून ठेवणाऱ्याला बक्षीस देणे होय. व्यवस्थापन त्या गृहस्थाला बोलावून विचारू शकते, पुढच्या प्रत्येक शर्यतीत त्याची डिकी आधी उघडायला लावू शकते, हंगामाचे गुण असतील तर ते रोखू शकते आणि शेवटी प्रवेश नाकारू शकते. यासाठी शनिवारचा तक्ता खोडावा लागत नाही.

फक्त एक सावधगिरी आपणही बाळगा. बुधवारी दिसलेली बाटली शनिवारी डिकीत होती, आणि होती तर तिची झडप उघडी होती, हे चित्रफितीवरून दिसते का? मागे स्ट्रिपचा मनोरा दिसत असेल, काचेवर त्या दिवसाचा स्पर्धक क्रमांक असेल, तर आपली बाजू भक्कम आहे. घरासमोरच्या अंगणातले चित्रण असेल तर ती केवळ शंका आहे, आणि शंकेवर कोणाला हाकलू नये.

मी स्वतः काही वर्षे हौशी शर्यतींत तपासनीस म्हणून उभा राहिलो आहे. एका संध्याकाळी मुदत संपून तासभर झाल्यावर एक मुलगा हातात कागद घेऊन आला. त्याची तक्रार खरी असावी असे मलाही वाटत होते, आमच्यापैकी आणखी दोघांना वाटत होते. पण ज्या गाडीबद्दल ती होती ती फाटकाबाहेर पडून घाट उतरायला लागली होती. मी तो कागद परत केला. परत करण्यात चूक झाली असे आजही वाटत नाही. तो वाचून, त्याची प्रत ठेवून मग परत करायला हवा होता, एवढे मात्र वाटते.

जाता जाता ‘त्याच दिवशी’ या शब्दांबद्दल. एनएचआरएची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ मध्ये कॅन्ससमधल्या ग्रेट बेंड येथे भरली, तेव्हा पावसाने ती अर्धवट राहिली आणि तिच्या अंतिम लढती नोव्हेंबरमध्ये ॲरिझोनात उरकाव्या लागल्या. अशा शर्यतीत ‘तो दिवस’ कोणता? नियम लिहिताना दिवसाऐवजी टप्प्याचे नाव घालावे, म्हणजे पाऊस आला तरी वाद होणार नाही.

प्रश्न : पुण्याजवळच्या नसलेल्या, पण भारतातल्याच एका ड्रॅग शर्यतीत मी गाडी घेऊन उतरलो होतो. निकालाचा कागद फलकावर कधी लागला ते मला कळलेच नाही, कारण मी गाडी ट्रेलरवर चढवत होतो. तक्रार द्यायला गेलो तेव्हा अर्धा तास उलटून गेला असे सांगण्यात आले. कागदावर वेळ लिहिलेली नव्हती. हा अर्धा तास कधीपासून मोजायचा, आणि तो इतका कमी का?

उत्तर : मोटारींच्या मान्यताप्राप्त शर्यती आपल्याकडे एफएमएससीआय या राष्ट्रीय मोटारक्रीडा महासंघाच्या अधिपत्याखाली होतात आणि त्यामागे एफआयए या जागतिक मोटार महासंघाची आंतरराष्ट्रीय क्रीडा संहिता असते. त्या संहितेत अंतिम क्रमवारीविरुद्धच्या तक्रारीला, तात्पुरती क्रमवारी प्रसिद्ध झाल्यापासून तीस मिनिटांची मुदत आहे. ती पाळणे अशक्य होते असे स्टुअर्डना, म्हणजे स्पर्धेत निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्यांना, वाटले तरच सूट मिळते. तक्रार लेखी लागते आणि सोबत शुल्क लागते.

तेव्हा आपल्या प्रश्नातल्या पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे: मुदत प्रसिद्धीपासून सुरू होते, आणि ज्या कागदावर प्रसिद्धीची वेळ नाही त्याची मुदत कोणत्या क्षणापासून मोजली हे आयोजकांनीच सिद्ध केले पाहिजे. आपण त्याच वेळी स्टुअर्डना हे लिहून द्यायला हवे होते. वेळ न लिहिलेल्या कागदावरून मुदत संपल्याचे सांगणे म्हणजे तारीख नसलेल्या नोटिशीवरून घर रिकामे करायला लावण्यासारखे आहे.

पण ‘मला माहीत नव्हते’ एवढ्यावर सूट मिळेल अशी आशा मात्र धरू नका. या बाबतीत खेळाच्या सर्वांत वरच्या थरावर, म्हणजे फॉर्म्युला वनमध्ये, घडलेले एक प्रकरण हौशी स्पर्धकांनीही लक्षात ठेवण्यासारखे आहे. २३ ऑक्टोबर २०२२ रोजी ऑस्टिन येथे झालेल्या अमेरिकन ग्रांप्रीमध्ये अल्पीन संघाचा चालक फर्नांडो अलोन्सो याच्या गाडीचा आरसा निखळून पडला, आणि गाडी असुरक्षित अवस्थेत चालवली अशी तक्रार प्रतिस्पर्धी हास संघाने केली. अलोन्सोला तीस सेकंदांचा दंड झाला आणि तो सातव्या क्रमांकावरून पंधराव्यावर गेला. नंतर अल्पीन संघाने दाखवून दिले की हासची तक्रार मुदतीनंतर चोवीस मिनिटांनी आली होती. हासचे म्हणणे असे होते की शर्यत नियंत्रण कक्षातल्याच एका व्यक्तीने त्यांना एक तासाची मुदत आहे असे सांगितले होते. स्टुअर्डनी ते खरे मानले, आणि तरीही मुदत पाळणे ‘अशक्य’ नव्हते, हाताने लिहिलेला कागदही चालला असता, असे म्हणून २७ ऑक्टोबर रोजी अलोन्सोचा सातवा क्रमांक परत दिला.

यातून दोन धडे निघतात आणि ते एकमेकांच्या विरुद्ध दिशेने जातात. एक म्हणजे मुदतीबद्दल अधिकाऱ्याच्या तोंडी शब्दावर विसंबू नये. नियमावली खिशात ठेवावी आणि कागद वेळेत द्यावा, मग तो बिलाच्या पाठीवर लिहिलेला का असेना. दुसरे म्हणजे, ती उशिरा आलेली तक्रार फेटाळण्याचे काम स्वतः चार दिवसांनंतर झाले, कारण नवीन आणि महत्त्वाची बाब पुढे आल्यास निर्णयाचा फेरविचार मागण्याचा हक्क संहितेत आहे. कोट्यवधींच्या खेळाला असे मागचे दार आहे, आणि ज्यांच्याजवळ ना वकील असतो ना संघ-व्यवस्थापक, त्या हौशी माणसांच्या शर्यतींत मात्र अनेकदा पुढचे दारसुद्धा अर्ध्या तासाने बंद होते. मला यातली पहिली गोष्ट खटकत नाही, दुसरी खटकते.

अर्धा तास कमी आहे का? व्यावसायिक संघात एक माणूस फक्त फलकाकडे पाहायला ठेवलेला असतो. हौशी स्पर्धक स्वतःच चालक, मेकॅनिक आणि ट्रेलर ओढणारा असतो. म्हणून हौशी शर्यतींत तीस मिनिटे पुरेशी ठरायची असतील, तर निकाल ध्वनिक्षेपकावरून जाहीर झाला पाहिजे आणि स्पर्धकांच्या फोनवर संदेश गेला पाहिजे. मुदत वाढवण्यापेक्षा हे स्वस्त आणि अधिक परिणामकारक आहे.

प्रश्न : माझ्या लेनमध्ये लाल दिवा (गाडी वेळेआधी सुटल्याची खूण) लागला आणि मी बाद झालो. मित्राने मोबाइलवर घेतलेल्या चित्रणात हिरवा दिवा लागल्यानंतरच गाडी उसळलेली दिसते. ही तक्रार त्याच दिवशी केली, तरी ती ऐकली गेली नाही. (कोल्हापूर)

उत्तर : आणि ती ऐकली जाणारही नाही. सुटण्याच्या आणि संपण्याच्या रेषेवरचे निर्णय हे ‘घडलेल्या गोष्टीचे’ निर्णय मानले जातात आणि त्यांच्याविरुद्ध तक्रार मुळातच ग्राह्य नसते. याबद्दल माझी सहानुभूतीही मर्यादित आहे. आपल्या मित्राचा फोन सेकंदाला तीस चित्रे घेत असेल, तर दोन चित्रांमध्ये सुमारे ३३ सहस्रांश सेकंदाचे अंतर पडते. स्टेजच्या, म्हणजे सुटण्याच्या रेषेवरच्या, प्रकाशकिरणाला जोडलेले यंत्र सहस्रांश मोजते. शिवाय गाडी ‘उसळण्यापूर्वी’ क्लच धरू लागताच पुढचे चाक काही इंच सरकते, तेवढ्याने किरण मोकळा होतो आणि बाजूने घेतलेल्या चित्रणात ते दिसतही नाही.

यंत्रच बिघडले आहे अशी शंका असेल तर गोष्ट वेगळी. मग ती सुटण्याच्या रेषेवरच्या अधिकाऱ्याला लगेच, पुढची जोडी स्टेजवर येण्यापूर्वी सांगावी, म्हणजे तो त्या लेनचे किरण तपासू शकेल. ब्रॅकेट शर्यतींत, म्हणजे प्रत्येक जण आपल्याला किती वेळ लागेल ते आधी सांगून उतरतो त्या शर्यतींत, तर याहून कडक दंडक आहे. आपण सांगितलेली अपेक्षित वेळ, म्हणजे डायल-इन, फलकावर चुकीची दिसत असेल, तर ती स्टेज करण्यापूर्वी निदर्शनास आणायची असते; पुढची चाके किरणात गेली की दिसणारा आकडा आपल्याला मान्य आहे असे धरले जाते. या खेळातली तक्रारीची सर्वांत छोटी मुदत हीच असावी, आणि तिच्याबद्दल कोणी अन्यायाची हाकाटी केलेली मी ऐकलेली नाही, कारण आकडा समोर लखलखत असतो. मुदतीची लांबी महत्त्वाची नसते, त्या मुदतीत डोळ्यांना काय दिसू शकत होते हे महत्त्वाचे असते.

प्रश्न : आम्ही अभियांत्रिकीचे विद्यार्थी. छोट्या मोटारसायकलींच्या वर्गात एका गाडीचे इंजिन वाढवलेले आहे हे सगळ्यांना माहीत होते. तक्रार करायची तर शुल्क भरा, आणि इंजिन उघडून ते नियमात निघाले तर उघडण्या-जोडण्याचा खर्चही तुमचाच, असे सांगण्यात आले. तेवढे पैसे संध्याकाळच्या आत कुठून आणायचे? पैसेवाल्यालाच तक्रार करता येणार असेल, तर हा कसला न्याय? (नाशिक)

उत्तर : ‘सगळ्यांना माहीत होते’ या शब्दांपासून सुरुवात करू. समजा वर्ग १६५ सीसीपर्यंतचा आहे आणि इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ५८ मिलिमीटर व स्ट्रोक (पिस्टनची चाल) ६२ मिलिमीटर आहे. हिशेब केला तर क्षमता साधारण १६३.८ सीसी येते, म्हणजे गाडी नियमात आहे. तेच सिलिंडर फक्त एक मिलिमीटरने बोअर करून ५९ केले, की क्षमता १६९.५ सीसीच्या आसपास जाते आणि गाडी वर्गाबाहेर पडते. हा एक मिलिमीटर बाहेरून कोणालाही दिसत नाही, आवाजावरून खात्रीने ओळखता येत नाही, आणि चांगला चालक, हलका देह व नीट लावलेले गिअरिंग यांनीही गाडी तेवढीच पुढे जाऊ शकते. हेड उघडून मोजपट्टी आत गेल्याशिवाय, किंवा स्पार्क प्लगच्या भोकातून क्षमता मोजणारे उपकरण लावल्याशिवाय, ते माहीत होत नसते. फक्त वाटत असते.

आणि उघडणे फुकट होत नाही. हेड गॅस्केट नवीन लागते, तास-दोन तास जातात, आणि बहुतेक हौशी मुले त्याच गाडीवर बसून घरी जाणार असतात. शुल्क आणि खर्चाची अट नसती, तर हरणारा प्रत्येक जण जिंकणाऱ्याचे इंजिन उघडायला लावील. तक्रार खरी ठरली की शुल्क परत मिळते आणि खर्च दोषीवर पडतो, हा सर्वसाधारण प्रघात आहे व तो रास्त आहे.

तरीही आपल्या प्रश्नात तथ्य आहे, आणि ते मुदत व शुल्क यांची जोडी एकत्र पाहिल्यावर दिसते. शुल्क एकटे असते तर आपण वर्गणी काढून दोन दिवसांत भरले असते. मुदत एकटी असती तर साधा कागद देऊन मोकळे झाला असता. दोन्ही एकदम आल्या की तक्रार करण्याचा हक्क त्या संध्याकाळी ज्याच्या खिशात रोख रक्कम आहे त्याच्यापुरताच उरतो. शिवाय आपल्याकडच्या पॅडकमध्ये, जिथे सगळे एकाच ट्यूनरकडून गाड्या लावून घेतात, तिथे मित्राच्या मित्रावर लेखी आरोप करण्याचे धैर्य विशीतल्या मुलाकडून अर्ध्या तासात अपेक्षित धरणे जरा जास्तच होते. चोर पकडण्याची फी फिर्यादीने भरावी, आणि तीही सूर्य मावळण्यापूर्वी, अशी ही व्यवस्था झाली आहे.

माझ्या मते याचे उत्तर मुदत वाढवण्यात नाही. मोजण्याचे काम आयोजकांनी स्वतःकडे घ्यावे. प्रवेशशुल्कातले थोडे पैसे बाजूला काढून प्रत्येक वर्गातल्या विजेत्याचे, आणि चिठ्ठी टाकून आणखी एकाचे इंजिन मोजले जाईल, असे आधीच जाहीर करावे. मग कोणाला कोणाविरुद्ध बोट दाखवावे लागत नाही, आणि निर्दोष विजेत्यालाही आपल्या विजयाची पावती मिळते.

अमेरिकेतल्या मातीच्या वर्तुळाकार ट्रॅकवरील काही हौशी वर्गांत याहून मजेदार उपाय आहे: शर्यत संपताच ठरलेली किंमत मोजून विजेत्याचे इंजिन प्रतिस्पर्ध्याला विकत मागता येते, त्यामुळे त्यात फार पैसे ओतण्यात अर्थच उरत नाही. तक्रार नाही, चौकशी नाही, सरळ सौदा. आपल्याकडे मी तो सुचवणार नाही, कारण विकलेल्या इंजिनाची गाडी घेऊन नाशिकपर्यंत जायचे कसे, हा प्रश्न उरतोच.

प्रश्न : आमचा विदर्भातला छोटा क्लब येत्या हिवाळ्यात प्रथमच परवानगी घेऊन ड्रॅग शर्यत भरवत आहे. जागा एका दिवसासाठीच मिळणार आहे. तक्रारीचा नियम कसा लिहावा? आणि विजेत्याने ‘गाडी माझ्या गॅरेजमध्येच उघडीन’ असे म्हटले तर काय करावे?

उत्तर : एका दिवसाची जागा हीच आपल्याकडची सर्वसाधारण स्थिती आहे. लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीसारख्या धावपट्टीवर शर्यत भरली तरी कायमस्वरूपी ट्रॅकसारखे कुलूपबंद आवार तिथे मुळात बांधलेले नसते; ते दोरी, खांब आणि पहारेकरी यांनी उभे करावे लागते. तेव्हा आधी जागा आखा, मग नियम लिहा. काट्यापासून जवळ, सावलीत, एकच वाट असलेला चौकोन करा. उपांत्य फेरीपासून पुढच्या सर्व गाड्या धाव संपताच तिथे जातील आणि मुदत संपेपर्यंत तिथून हलणार नाहीत. मुदतीच्या काळात गाडी कोणाच्या ताब्यात आहे, याचे उत्तर ज्या नियमात नाही तो नियम अपुरा आहे.

मजकूर साधारण असा ठेवता येईल: ‘गाडीच्या रचनेविषयीची तक्रार त्या गाडीची पुढची फेरी सुटण्यापूर्वी, आणि अंतिम फेरीबाबत तात्पुरता निकाल प्रसिद्ध झाल्यापासून तीस मिनिटांत, लेखी व शुल्कासह करावी. त्यानंतर निकाल बदलणार नाही. प्रवेशपत्रातील खोटी माहिती, दुसऱ्याच व्यक्तीने गाडी चालवणे किंवा हेतुपुरस्सर लपवलेली लबाडी यांबद्दलची माहिती शर्यतीनंतर तीस दिवसांपर्यंत, शुल्काशिवाय देता येईल. तिच्यामुळे निकाल बदलणार नाही, पण संबंधित स्पर्धकाला म्हणणे मांडण्याची संधी देऊन पुढील प्रवेश व हंगामाचे गुण यांबाबत निर्णय घेतला जाईल.’ तीस दिवसांचा आकडा माझा आहे; आपण पंधरा ठेवला तरी माझी हरकत नाही. मान्यताप्राप्त शर्यत असेल तर प्रवेशाच्या पात्रतेविरुद्धच्या तक्रारीला संहितेत वेगळी मुदत आहे, गाड्यांच्या तपासणीची वेळ संपल्यापासून दोन तासांची, हे ध्यानात ठेवून दुसरा भाग शिस्तीच्या नियमांत घाला, तक्रारीच्या नियमांत नको. आणि बक्षिसाची पाकिटे तीस मिनिटे संपल्याशिवाय बाहेर काढू नका, पाहुण्यांना कितीही घाई असली तरी.

गॅरेजमध्ये उघडीन म्हणणाऱ्याला एकच उत्तर द्यावे आणि तेही आधीच छापून ठेवावे: तपासणीला नकार म्हणजे गाडी नियमबाह्य असल्याची कबुली समजली जाईल. अवजारे नाहीत ही सबब चालू नये म्हणून पान्यांचा एक पूर्ण संच आणि टॉर्क रेंच क्लबनेच ठेवावा. गाडी त्याच रात्री उघडणे खरोखरच शक्य नसेल, तर हेडच्या बोल्टमधून तार ओवून तिला शिशाचे सील लावा, सीलचा क्रमांक दोघांच्या सह्यांनी नोंदवा, बक्षीस रोखून धरा आणि दुसऱ्या दिवशी तक्रारदारासमोर ती उघडा. असे केले की ‘त्याच दिवशी’चा हट्ट गाडी ताब्यात घेण्यापुरता उरतो, उघडायला दुसरा दिवस चालतो.

निकालाचा फलक जिथे लावाल त्याच्या शेजारी एक मोठे घड्याळ टांगा, आणि निकालावर वेळ लिहिताना मनगटावरचे किंवा फोनमधले घड्याळ न पाहता त्याच घड्याळात पाहून लिहा.